बोटांवर घेतलेली लेन्स

लेन्स शिवप्रियाला हवी होती, पैसे शिवप्रियाचे होते, आणि जीपमध्ये जागा नव्हती ती फक्त शिवप्रियाला.

"अगं, माणसं किती झाली बग की," तिचा नवरा सोमेश उंबऱ्यातूनच म्हणाला. "मामा, मी, रणधीर, त्येचा मेव्हणा. वाटंत कल्याणप्पा बसणार. तू कुठं कोंबून घेतीस?"

"कल्याणप्पांचं काय काम हाय लेन्सपाशी?"

"त्येंना लोहाऱ्यात दाढ दाखवायची हाय."

दाढेपुढे काय बोलणार? शिवप्रिया आत गेली आणि कॅमेरा घेऊन बाहेर आली. "मग निदान ह्यो तरी संगं न्या. लावून बगायला लागंल. इंद्रजितनं चारचारदा सांगितलंय."

जीपच्या पुढच्या सीटवर हणमंतप्पा बसले होते. हे सोमेशचे मामा. जनावरांच्या बाजारात दलाली करून त्यांचे केस पांढरे झाले होते, आणि घरात कुठलीही वापरलेली वस्तू, मग ती मोटरसायकल असो की पाण्याची मोटर, त्यांनी पारखल्याशिवाय येत नसे. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि म्हणाले,

"सुनबाई, बैल बगाया जाताना कुणी गाडी संगं घिऊन जातंय का?"

सगळी जीप हसली. सोमेशही हसला. जीप धूळ उडवत बेंबळीच्या वेशीबाहेर पडली आणि कॅमेरा शिवप्रियाच्या हातात राहिला.

त्याचं असं झालं होतं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सोमेशचा दोस्त रणधीर याच्या रानात सगळे जेवायला गेले होते. भज्जी, आंबील झाल्यावर पुरुषमंडळी कडब्याच्या कोपीच्या सावलीत आडवी झाली आणि शिवप्रिया हात धुवायला तलावाच्या काठाला गेली. तिथे ती पाखरं होती. फिकट राखी, भरदार, मान ताठ ठेवून पोहणारी. गावात त्यांना कुणी बदकं म्हणत, कुणी नुसतंच "ती पांढरी" म्हणत. पुण्याला राहणाऱ्या धाकट्या भावाला, इंद्रजितला, तिने फोन लावला. तो म्हणाला, "ताई, डोक्यावर दोन काळे पट्टे असतील तर पट्टकादंब. हिमालय ओलांडून येतात."

हिमालय ओलांडून बेंबळीला येणारं दुसरं कुणी शिवप्रियाच्या माहितीत नव्हतं. धाराशिवहून येणारी एसटीसुद्धा कधीकधी येत नसे.

ते दोन पट्टे आपल्याला दिसले पाहिजेत, आपण टिपले पाहिजेत, असं तिने मनात घेतलं. आयुष्यात तिने फार गोष्टी मनात घेतल्या नव्हत्या, कारण मनात घेतलेलं ठेवायला या घरात कोनाडा नव्हता. इंद्रजितने आपला जुना कॅमेरा तिला देऊन टाकला होता, पण त्याच्या छोट्या लेन्समधून ती पाखरं खिचडीतल्या साबुदाण्याएवढी दिसत. साबुदाण्याच्या डोक्यावर पट्टे कुठले दिसायला?

"लांबची झूम लेन्स लागेल," इंद्रजित म्हणाला. "नवी परवडायची नाही, वापरलेली बघ. आत टॉर्च मारून बघ, बुरशी नको. रिंग फिरवून बघ, अडकायला नको. आणि सगळ्यात आधी तुझ्या कॅमेऱ्यावर बसते का बघ. दर कंपनीची मागची खाच वेगळी असते. आणि उशीर करू नको, ऊन तापलं की पाखरं गेली."

ब्लाऊज शिवून साठवलेले पैसे डब्यात होते. लोहाऱ्याला स्टँडजवळ कलीम नावाचा लग्नाचे फोटो काढणारा मुलगा जुन्या लेन्सा विकतो, हेही तिनेच शोधून काढलं. मग तिने ही गोष्ट सोमेशला सांगितली. इथेच सगळं नासलं. सोमेशने मामांना सांगितलं.

जीप दिवेलागणीला परत आली. सगळ्यांच्या तोंडावर लग्न लावून आल्यासारखा आनंद होता. फक्त कल्याणप्पांचा एक गाल सुजला होता. सोमेशने पिशवीतून लेन्स काढली आणि दोन्ही हातांनी बायकोच्या हातात ठेवली. तिचे हात खाली गेले.

"वजन बगा, वजन!" मामा खुर्चीत बसत म्हणाले. "म्या आधी हातावर तोलूनच घेतली. हलक्या वस्तूत दम नसतो."

"टॉर्च मारून बगितली?" शिवप्रियाने विचारलं.

"टॉर्च कशाला? म्या डोळा लावून बगितली. आतून निर्मळ. मागं, म्होरं, दोन्हीकडनं बगितली. वास घेतला. कान फिरवून बगितला."

"कान?"

"ती रिंग गं," सोमेश म्हणाला. "आन् मामांनी त्येला इचारलं, का काढतोस? खोड काय हाय? कलीम म्हनला, मामू, काय खोड नाय. मामांनी त्येला ती गळ्यात अडकवून स्टँडपतुर चालत जाऊन याया लावलं."

"ते कशाला?"

"चाल बगाया," मामा म्हणाले. "मानंला वढ देती का."

मग सोमेशने सौद्याची हकिकत सांगितली. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर उपरणं टाकायचं आणि खाली एकमेकांची बोटं दाबायची. किती बोटं दाबली त्यावर किंमत ठरते, आजूबाजूच्याला कळत नाही. मामांनी लोहाऱ्याच्या त्या दुकानात, काउंटरवरच, कलीमच्या हातावर उपरणं टाकलं. कलीमने बैलबाजार कधी पाहिला नव्हता. म्हाताऱ्याचा हात थरथरतोय, आधार हवाय, असं त्याला वाटलं असावं. त्याने मामांचा पंजा आपल्या हातात प्रेमाने घट्ट धरला. सगळीच्या सगळी बोटं.

"आयतु!" मामा गरजले. त्यांच्या तोंडून सौदा पुरा झाल्यावरचा हा कानडी शब्द निघाला की मग ब्रह्मदेव आला तरी बदल नाही.

"पण कलीमनं आधी सांगितले किती हुते?" शिवप्रियाने विचारलं.

सोमेश खोकला. "तसे त्येनं जरा कमीच सांगितले हुते. त्यो म्हनत बी हुता, मामू, जास्त होतायत. पण सौदा बोटावर झाला ना."

"बोटावर झाल्याव तोंडाचं काय इचारायचं?" मामा म्हणाले.

शिवप्रियाने कॅमेरा आणला. छोटी लेन्स काढली, मोठी उचलली, खाचेवर ठेवली, फिरवली. फिरेना. दुसऱ्या बाजूने फिरवली. लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर नुसती टेकून राहिली, रुसलेल्या व्याह्यासारखी.

"बसत न्हाय," ती म्हणाली.

"बसत न्हाय म्हंजी?" मामा उठले. "बसवायची. नव्या जुवाला बैल आधी मान देतच न्हाय."

"मामा, दुसऱ्या कंपनीची हाय. खाच येगळी हाय."

"खोबरेल लाव जरा."

ती नको-नको म्हणेपर्यंत सोमेशने कॅमेरा मांडीवर घेऊन दात-ओठ खात एक पिळा दिलाही. आतून कर्र असा आवाज आला. शिवप्रियाने दोन्ही वस्तू त्याच्या हातातून काढून घेतल्या. कॅमेऱ्याच्या चकचकीत कड्यावर एक ओरखडा उठला होता. तिने पदराने तो पुसून पाहिला. तिच्या सासूबाई, इरम्मा, कोपऱ्यात वाती वळत बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "सोम्या, लहानपनी बी तू कुलपात चावी आशीच मोडायचास."

दुसऱ्या दिवशी कलीमचा आपणहून फोन आला. "काकी, कल मामूंनी घाईघाईत नेली. बसली का?"

"न्हाय बसली."

"मला वाटलंच. काय टेन्शन नाय, आणून द्या. पैसे पूरे परत. डबा बी नको."

शिवप्रियाला एवढा आनंद झाला की तिने दुपारीच सोमेशला सांगितलं. सोमेशलाही बरं वाटलं. त्याने बरं वाटून मामांना सांगितलं.

मामा संध्याकाळी आले तेच लाल होऊन. "परत? बोटं दाबून आनलेली वस्तू परत? आख्ख्या बाजारात हणमंतप्पाचा शब्द चालतोय त्यो ह्या बोटांवर. लंगडं जनावर निगालं तरी म्या माघारी धाडलं न्हाय कवा, घरी बांधून वैरण घातली!"

"पण मामा, त्यो सवताच म्हनतोय की आणून द्या म्हणून," सोमेश चाचरत म्हणाला.

"त्यो पोरगा हाय. त्येला सौदा कळत न्हाय. तुला कळतोय ना?"

सोमेशला कळत होता. लहानपणापासून मामांपुढे त्याला सगळं कळत असे. त्याने बायकोकडे पाहिलं आणि खांदे पाडले. "ऱ्हाऊ दे आता. कॅमेराच दुसरा बगू कवातरी. ह्येला बसणारा."

म्हणजे बैलासाठी गाडी. शिवप्रिया आत गेली आणि अर्धवट राहिलेल्या ब्लाऊजच्या बाहीला शिवण घालू लागली. बाही उलटी लागली. उसवली, पुन्हा लावली.

लेन्स तिच्या चेनवाल्या जाड पिशवीत शिरून कपाटावर जाऊन बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला मामा ती पिशवीसकट काढून हातात देत. "वजन बगा." माणसं हातावर तोलून भुवया उंचावत. पाहुण्यांना आता चहाबरोबर लेन्स मिळू लागली. तलावात पाखरं होती. कुणाच्या हातात लेन्स होती, कुणाच्या हातात कॅमेरा, आणि डोळे शिवप्रियाला होते. हे तिन्ही एका जागी काही येत नव्हते.

एका दुपारी ती लेन्सच्या मागच्या कड्यावरची बारीक अक्षरं वाचायला बसली. कंपनीचं नाव दिसत होतं, पुढचा आकडा झिजला होता. अक्षर लागेना म्हणून तिने इरम्मांचं भिंग घेतलं. छोटं, जाड भिंग. इरम्मा त्यातून पेपरातल्या निधनवार्ता वाचत. आपल्या वयाचं कुणी गेलं की "ही बी सुटली" म्हणत. शिवप्रियाने लेन्स खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली होती. भिंग मागे-पुढे करताना एकदम काचेत काहीतरी हललं.

समोरच्या घराची गच्ची. जवळ, हाताला लागेल इतकी जवळ. आणि उलटी. दोरीवरचे कपडे आभाळाकडे लोंबत होते. एक चिमणी पाय वर करून कठड्याला चिकटली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "भिंग जरा न्हेते हां."

तलावाच्या भरावावर तिने एका दगडावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर लेन्स ठेवली आणि तिच्यामागे भिंग धरून जमिनीवर पालथी पडली. संसारी बाईने भर दुपारी असं पालथं पडलेलं पाहून एक मेंढका थांबला, काठी टेकून बराच वेळ पाहत राहिला आणि मग मेंढरं घेऊन लांबून गेला. आधी नुसतं पाणी आलं. पाणी वर होतं, आभाळ खाली. मग रिंग फिरवल्यावर एक पाखरू आलं, उलटं, पोट वर करून, पण शांतपणे पोहत. त्याने मान वळवली.

दोन पट्टे. काळे, काजळाच्या बोटाने ओढल्यासारखे. एक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत, दुसरा त्याच्या मागे.

हात थरथरले की पाखरू पळे. ती श्वास रोखून पुन्हा शोधी. फोटो निघणार नव्हता. हे कुणाला दाखवता येणार नव्हतं. तिला वाटलं, नाहीतरी उलट्या गोष्टी सरळ करून बघायची आपल्याला इतक्या वर्षांची सवय आहे.

दुसऱ्या दिवशी तिने इरम्मांनाही नेलं. म्हातारी कण्हत-कुथत वाकली, पाहिलं, आणि बराच वेळ उठेचना.

"उलटी दिसतेत, आत्याबाई."

"आसू दे की. दिसतेत ना?" इरम्मा म्हणाल्या. "माजी नजर हलवू नगंस."

ही बातमी मामांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते घरी आले तेव्हा ओसरीवर रणधीर, त्याचा मेव्हणा, बरे झालेले कल्याणप्पा, सगळी जीप हजर होती.

"म्हनलं नव्हतं?" मामांनी बैठक मारली. "लागली का न्हाय वस्तू कामाला? आन् ही निगाली हुती माघारी द्याया!"

शिवप्रिया चहाचा ट्रे ठेवता ठेवता थांबली. "मामा, एवढी झ्याक हाय तर तुमीच घ्या की. ज्या भावात आणली त्याच भावात. तुमाला वाड्यावरनं रानातली जनावरं दिसतील."

"व्हय की!" रणधीर म्हणाला. "मामा, सौदा!"

मामा रंगात आले. त्यांनी उपरणं हातावर पसरलं. "ये, सुनबाई. लाव बोट."

ही बोटांची भाषा मामांनीच तिला लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत गंमत म्हणून शिकवली होती. तिने हात उपरण्याखाली घातला. मामांनी कमी बोटं दाबली. तिने नकार म्हणून त्यांचा पंजा झटकला आणि लोहाऱ्यात ठरली होती तेवढीच्या तेवढी बोटं, शिलाई मशिनवर तयार झालेल्या पकडीने, आवळली. मामांचा हात त्या पकडीला सवयीने दाब देऊन गेला, आणि सवयीनेच तोंडातून निघालं,

"आयतु!"

शिवप्रियाने हात बाहेर काढला. "झालं, मामा. सगळ्यांच्या म्होरं झालं. लेन्स तुमची."

मामांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग ते मोठ्याने हसले. "आगं, बाईच्या बोटाला कुठं सौदा असतोय व्हय? चेष्टा हाय ती!"

"बाईनं बोट लावलं तरी," कल्याणप्पा म्हणाले, "बाजारात धरत न्हाईत ते."

"धरतच न्हाईत," रणधीर म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने सोमेश हसला, सुटल्यासारखा. शिवप्रियाने रिकामा ट्रे उचलला आणि आत गेली. इरम्मा चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

पण कल्याणप्पांचं वाक्य तिच्या डोक्यात राहिलं. भांडी घासताना ती त्याला उलटंपालटं करून पाहत होती, त्या लेन्समधून पाहावं तसं. बाईने केलेला सौदा धरत नाहीत. मग बाईने मोडलेला सौदाही धरत नसतील.

दोन दिवसांनी ती बहिणीला भेटायला म्हणून निघाली आणि एसटी बदलून लोहाऱ्याला उतरली. एका कापडी पिशवीत लेन्स होती, दुसऱ्या पिशवीत कॅमेरा.

कलीमने लेन्स हातात घेतली, मागे-पुढे पाहिली आणि काही न विचारता पैसे काढले. वर आणखी काही नोटा ठेवल्या. "ये मामूंनी जास्तीचे दिलेले. मी बाजूलाच ठिवले होते. काकी, मामूंच्या हाताला आता बरं हाय ना?"

"एकदम बरं हाय," ती म्हणाली. "मला ह्या कॅमेऱ्याला बसणारी हवी हुती. हाय का एखादी?"

कलीमने कॅमेरा पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "काकी, हीच तर भानगड. सोमेशभाऊंनी मला मोबाईलवर ह्याचा फोटो दाखवला होता. मी आधी ह्याला बसणारीच काढली. साफ होती, सस्ती होती. मामूंनी हातावर घेतली आणि म्हणाले, ही वाळल्या वांग्यागत हाय, वजनदार दाखव."

शिवप्रियाने नोटा त्याच्याकडे सरकवल्या. "मग ती दाखवा की आता."

"गेली, काकी. मागच्या आठवड्यात. उमरग्याच्या एक मॅडम आल्या होत्या. एकट्याच आल्या, कॅमेरा घेऊन. लावून बघितली, दोन फोटो काढले, घेऊन गेल्या. पाच मिनिटं पण नाही लागली."

मग तिचा चेहरा पाहून तो घाईने म्हणाला, "दुसरी येईल. मी फोन करतो. पुढच्या थंडीच्या आत नक्की."

परतीच्या वाटेवर ती तलावाच्या फाट्याला उतरली. ऊन तापलं होतं. पाणी बरंच आत सरकलं होतं आणि चिखलाला भेगा पडायला लागल्या होत्या. काठाला चार बगळे होते आणि एक म्हैस. म्हशीकडे बघायला लेन्स लागत नव्हती.

पैसे डब्यात परत गेले. घरी राहिलेल्या लेन्सच्या जाड पिशवीत काहीतरी ठेवणं भाग होतं. तिने घरभर नजर फिरवली आणि खलातला लोखंडी बत्ता उचलला. तो जुन्या फडक्यात गुंडाळला, पिशवीत सरकवला, चेन ओढली आणि पिशवी कपाटावर ठेवून दिली. ठेवण्याआधी हातावर एकदा तोलून पाहिली. थोडी जास्तच भरली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा एका पाहुण्याला घेऊन आले. शिवप्रिया आत वाटीच्या बुडाने लसूण ठेचत होती. लसूण वाटीखालून निसटून पळत होता. इरम्मांनी रिकाम्या खलाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि पळालेली एक पाकळी उचलून तिच्यापुढे ठेवली.

बाहेर मामांनी कपाटावरून पिशवी काढली आणि पाहुण्याच्या हातात दिली. "उघडू नगा, धूळ जाती. नुस्तं वजन बगा!"

पाहुण्याने तोलली. त्याच्या भुवया वर गेल्या. "लई भारी वस्तू हाय की हो!"

"बोटांवर आनलीया," मामा म्हणाले. "माघारी द्याया निगाले हुते ह्ये. म्या दिऊ दिली न्हाय."

सोमेशने अभिमानाने मान डोलावली. मामांनी पिशवी परत घेतली आणि कपाटावर टाकली. आतून ठण्ण असा आवाज आला. पाहुण्याने वर पाहिलं.

इरम्मा दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि धाकट्या भावाला म्हणाल्या,

"हळू ठिव रं, हणमंता. काच हाय ती."